गोव्याच्या दमट हवेत कॅम्पर व्हॅनमधली लाकडी कपाटं: साफ कशी करायची आणि टिकवायची कशी

नवीन व्हॅन बनवून घेतलेले बरेच जण विचारतात की कपाटांना कुठलं पॉलिश मारू, आणि मी आधी उलट विचारते की कपाटाची मागची बाजू कधी बघितलीत का? कारण गोव्यात लाकडाचं वाटोळं होतं ते दर्शनी भागावरून नाहीच, ते होतं कडांवरून, पाठीकडून, स्क्रूच्या भोकांतून आणि सिंकखालच्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यातून. दार चकचकीत असतं, फोटोत छान दिसतं, आणि आत प्लायची कड फुगून पापुद्रे सुटायला लागलेले असतात. म्हणून हा सगळा लेख कडा आणि पाठ डोळ्यासमोर ठेवून वाचा, चकाकी सगळ्यात शेवटी.

आधी हवेचं समजून घ्या, त्याशिवाय पुढचं काही पटणार नाही. मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं हे आपल्या घरात सगळ्यांना माहिती आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. मोरजी, हरमल, पाळोळे अशा किनाऱ्यावर गाडी उभी केली की हेच मीठ वाऱ्याबरोबर बारीक थरासारखं कपाटांवर, बिजागऱ्यांवर, ड्रॉवरच्या चॅनेलवर बसतं, डोळ्यांना दिसत नाही पण बोट फिरवलं की चिकट लागतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा बहुतेक वेळ त्या ७५ च्या वरच असते, म्हणजे ते लाकूड सतत ओलसर थराखाली असतं. नुसतं कोरड्या फडक्याने पुसून मीठ जात नाही, इकडचं तिकडे होतं, त्याला गोडं पाणीच लागतं.

दुसरा पाण्याचा स्रोत तुम्ही स्वतः. बीचवर उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्यात बंदी आहे त्यामुळे बरेच लोक व्हॅनमध्येच शेगडी लावतात, आणि १ किलो गॅस जळला की त्यातून दीड लिटरपेक्षा थोडं जास्तच पाणी वाफ होऊन हवेत येतं, हे भाताची वाफ न धरता. त्यात रात्री खिडक्या बंद करून झोपलात की श्वासाची वाफ वेगळी. ही सगळी वाफ जाते कुठे, तर गाडीचा थंड झालेला पत्रा शोधते, आणि पत्रा कुठे असतो, कपाटाच्या पाठीमागे. तिथे थेंब जमतात आणि प्लायची उघडी पाठ ते पीत बसते. पाठ फुगली की दार वाकडं लागायला लागतं मग लोक बिजागरी घट्ट करत बसतात.

आता कामाला लागू.

आधी ओळखा की तुमचं कपाट कशाचं आहे

सगळं सामान बाहेर काढा, ड्रॉवर काढा, टॉर्च घ्या. कड बघा. एकावर एक थर दिसले तर प्लाय, भुसा दाबल्यासारखं दिसलं तर एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड, सलग रेषा दिसल्या तर भरीव लाकूड, म्हणजे सागवान, फणस, शिवण वगैरे. प्लायवर शिक्का असला तर वाचा. आयएस ७१० (आयएस म्हणजे भारतीय मानक) म्हणजे मरीन ग्रेड, त्याचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकेल असा तपासलेला असतो. आयएस ३०३ असेल तर त्यात बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) आणि एमआर (फक्त ओलावा सोसणारा) असे प्रकार आहेत, एमआर हा सगळ्यात कमी पाणी सोसणारा, तो व्हॅनच्या सिंकजवळ नकोच. पण एक गैरसमज काढून टाका. मरीन प्लाय म्हणजे पाणी न पिणारं लाकूड नव्हे, त्याचा गोंद सुटत नाही एवढंच, त्यातलं लाकूड ओलावा घेतंच आणि त्यावर बुरशी पण धरते. त्यामुळे मरीन लावलंय म्हणून कडा उघड्या सोडल्या असं करू नका.

एमडीएफ असेल तर मनाची तयारी ठेवा, एकदा फुगलं की ते परत बसत नाही. तो तुकडा बदलायचा, त्यावर पॉलिशचे पैसे घालायचे नाहीत.

मग वरचं फिनिश ओळखा. दाराच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या ठिकाणी, पाण्याचा एक थेंब ठेवून पाच मिनिटं थांबा. थेंब गोल राहिला तर वर थर शाबूत आहे, लाकूड काळपट झालं तर ते तिथे उघडं पडलंय. त्यानंतर कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन तिथेच घासा, चिकट झालं तर जुनं लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरने विरघळलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींना काही झालं नाही तर पीयू (पॉलीयुरेथेन) किंवा मेलामाईन. सनमायका असेल तर हे काही करायची गरजच नाही, तिथे फक्त कडा आणि सांधे बघायचे. हे ओळखणं का महत्त्वाचं, तर पुढे बुरशीसाठी आपण अल्कोहोल वापरणार आहोत आणि लाखेच्या पॉलिशवर अल्कोहोल लावलं की ते पॉलिशच निघून येतं.

साफसफाई

पहिली गोष्ट, ओलं फडकं लगेच उचलू नका. व्हॅनमध्ये किनाऱ्याची रेती असते आणि आत डिचोली, सत्तरीच्या बाजूला फिरून आलात तर लाल धूळ असते. त्यावर ओलं फडकं फिरवलं म्हणजे पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच झालं. आधी मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमला ब्रशचं तोंड लावून सगळं काढा, वरून खाली या, चॅनेलच्या खाचा आणि दाराची खालची कड विसरू नका, रेती तिथेच साठते.

मग दोन बादल्या. एकीत कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे चारपाच थेंब, बास, फेस काढायचा नाहीये. दुसरीत साधं गोडं पाणी. मायक्रोफायबर फडकं पहिल्या बादलीत बुडवून इतकं घट्ट पिळा की त्यातून थेंब पडता कामा नये, मग लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसा, लगेच दुसऱ्या बादलीतल्या फडक्याने साबण काढा, आणि लगेच तिसऱ्या कोरड्या फडक्याने कोरडं करा. एक दार पूर्ण करून मग दुसरं, सगळी दारं ओली करून नंतर पुसायला येऊ असं नाही. दुसऱ्या बादलीतलं पाणी मध्ये मध्ये बदला, ते मीठ काढण्यासाठी आहे आणि खारट झालेल्या पाण्याने पुसून उपयोग नाही.

शेगडीजवळचा चिकटपणा वेगळा. मासळी तळली की तेलाचा धूर वरच्या कपाटाच्या खालच्या बाजूला जाऊन बसतो, त्यावर धूळ, मग तो पिवळा खरखरीत थर तयार होतो. तो खरवडू नका. त्याच साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून, त्या जागेवर दोन-तीन मिनिटं धरून ठेवा, थर मऊ होतो, मग पुसा, हे तीन-चार वेळा करावं लागतं. तारेची घासणी अजिबात नाही. खायच्या सोड्याची पेस्ट लोक लावतात पण ती घासून पॉलिशची चमक उतरवते, सनमायक्यावर एकवेळ चालेल, पीयूवर नको. हळदीचा डाग असेल तर जास्त घासत बसू नका, पुसून घ्या आणि दार उघडं ठेवून दोन-तीन दिवस ऊन लागू द्या, हळदीचा रंग उन्हात आपोआप फिका पडतो.

बुरशी

यावर थोडं जास्त लिहिते कारण इथेच लोक सगळ्यात जास्त घाई करतात. कपाट उघडल्यावर कुबट वास आला आणि पाठीवर करडे-हिरवे ठिपके दिसले तर कोरड्या ब्रशने झाडायला जाऊ नका, त्याने बुरशीचे कण पूर्ण गाडीत उडतात आणि गाद्या, पडदे सगळीकडे जाऊन बसतात. एन९५ मास्क लावा, हातमोजे घाला, सगळी दारं खिडक्या उघडा, आणि गॅस सिलिंडर बंद करून शक्यतो गाडीबाहेर ठेवा, कारण आता जे वापरणार ते पेट घेतं.

७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये मिळतं, ते स्प्रे करण्यापेक्षा फडक्यावर घ्या, बुरशीवर ठेवा, उचला, फडक्याची घडी बदला, परत ठेवा. पुसत ओढायचं नाही, टिपायचं. जागा साफ दिसली की अजून एकदा नवीन फडक्याने अल्कोहोल लावून वाळू द्या. लाखेचं पॉलिश असेल तिथे अल्कोहोलऐवजी पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं करून वापरा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा. ब्लीच नको. लाकडावर ब्लीच वरवरचा रंग घालवतं, त्यातलं पाणी लाकडात जातं आणि आतली बुरशी तशीच राहते. आणि ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र तर कधीच आणू नका, विषारी वायू होतो, आणि व्हॅनसारख्या छोट्या जागेत तो जीवावर बेतू शकतो.

ठिपके गेले तरी काळे डाग राहतील. ते डाग म्हणजे जिवंत बुरशी असेलच असं नाही. पंधरा दिवसांनी परत बघा, डाग वाढला नसेल तर काम झालं. वाढला असेल तर कुठूनतरी पाणी येतंय, ते शोधा, पुन्हा पुन्हा पुसत बसण्यात काही अर्थ नाही. पाणी येण्याच्या नेहमीच्या जागा सांगते: छतावरच्या फॅनची चौकट, खिडकीच्या रबराचा खालचा कोपरा, सिंकच्या पाईपचा जोड, आणि सोलर पॅनेलच्या वायरचं भोक.

लाकडाखाली बारीक पिठासारखा भुगा पडलेला दिसला आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर तो किडा आहे, बुरशी नव्हे. तिथे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून उघड्या लाकडावर लावतात. पॉलिशवर लावून ते आत जात नाही, आणि पाणी लागलं की धुऊन जातं म्हणून नंतर वरून सील करावंच लागतं. जिथे धान्य उघडं ठेवता त्या कप्प्यात मात्र लावू नका.

वाळवणं, म्हणजे अर्धं काम

सफाईनंतर लगेच पॉलिश काढून बसू नका. आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड हवेतूनच ओलावा घेऊन १८-२० टक्क्यांपर्यंत जातं, आणि अशा लाकडावर थर दिला म्हणजे पाणी आत कोंडलं. दोन सुया असलेला छोटा मॉइश्चर मीटर मिळतो, खूप महाग नसतो, तो घ्याच. साधारण १२ टक्क्यांच्या आसपास आकडा आला की पुढे जा. मीटर नसेल तर निदान काही दिवस कोरड्या हवेत दारं ड्रॉवर उघडे ठेवून, आत छोटा फॅन चालू ठेवून वाळवा.

दिवस निवडताना, आपल्याकडे या कामाला सगळ्यात चांगला काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हाही सकाळी लवकर नको, पहाटे दंव असतं, अकरा नंतर सुरू करून चारच्या आत थर संपवा. पावसाळ्यात लॅकर मारलं तर पांढरट धुकं येतं, कुठलाही अनुभवी मेस्त (सुतार) तुम्हाला हेच सांगेल आणि तरी कोणी घाई करून मारून देत असेल तर त्याला सांगा की चवथ (गणेश चतुर्थी) होऊन जाऊ दे, मग बघू.

संरक्षण: काय लावायचं आणि काय नाही

आधी काय नाही ते. खोबरेल तेल नको. आपल्याकडे प्रत्येक घरात असतं, लावल्या लावल्या लाकूड छान दिसतं, पण खोबरेल कधीच वाळून घट्ट होत नाही, ते तसंच ओलं राहतं, धूळ धरतं, खवट होतं आणि त्याला मुंग्या येतात. जवसाचं तेल वाळतं, पण दमट हवेत आठवडे घेतं आणि त्यावर बुरशीही धरते, म्हणून गोव्यातल्या व्हॅनसाठी मी ते सांगत नाही. तरी कोणी वापरलंच तर एक गोष्ट नीट ऐका: त्या तेलाची फडकी चुरगाळून गाडीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. तेल वाळताना गरम होतं आणि गोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ते बाहेर दोरीवर पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवा. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावायची जुनी पद्धत किनाऱ्यावर आहे आणि होडीच्या लाकडाला ते उत्तम, पण ते त्वचा भाजतं, डबे-भांडी ठेवायच्या कपाटात त्याला जागा नाही. मधमाश्यांचं मेण घरातल्या फर्निचरला ठीक आहे, मे महिन्यात बंद उभ्या गाडीत ते मऊ पडून चिकट होतं. आणि सिलिकॉनवाले चमकवायचे स्प्रे पण टाळा, एकदा ते लाकडात मुरलं की पुढे कधी पॉलिश करायचं म्हटलं तर थर जागोजागी फाटतो, खड्डे पडतात.

माझं मत विचाराल तर व्हॅनच्या आत वॉटर-बेस्ड पीयू. वास कमी, पिवळा पडत नाही, लवकर वाळतो. पद्धत अशी: आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हाताने हलकं घासा, मशीनने नाही, कारण प्लायचा वरचा व्हिनियर (लाकडाचा पातळ थर) बऱ्याचदा १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो आणि मशीन एका क्षणात आरपार जातं. भुकटी पुसून घ्या. पहिला थर पातळ. तो वाळला की लाकडाचे केस उभे राहिल्यासारखं खरखरीत लागेल, घाबरू नका, ते पाण्यामुळे होतं, ३२० ने अगदी हलका हात फिरवा, पुसा, दुसरा थर, आणि मग तिसरा. दोन थरांमधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, दमट दिवशी त्यापेक्षा जास्त थांबा. हाताला कोरडं लागलं म्हणजे पक्कं झालं असं नाही, पूर्ण घट्ट व्हायला आठवडाभर तरी जातो, तोपर्यंत दारं पूर्ण बंद करू नका, चिकटतात.

आता खरी गोष्ट, कडा. समोरच्या बाजूला तीन थर तर कडांना चार-पाच, कारण कडेला लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं असतात आणि त्या पाणी ओढतात. पहिला थर कड लगेच पिऊन टाकेल, तो वाळण्याआधीच वरून अजून थोडा द्या, ती पिणं थांबेपर्यंत. दार काढून, उलटं करून त्याची खालची कड बघा, बहुतेक गाड्यांमध्ये तिथे सुताराने ब्रश लावलेलाच नसतो. सिंकखालच्या पाईपसाठी कापलेलं गोल भोक, त्याच्या आतली कड, वायरची भोकं, बिजागरीच्या वाटीसाठी कोरलेला खड्डा, हे सगळं बारीक ब्रशने भरा. स्क्रू काढलेच आहेत तर प्रत्येक भोकात पीयूचा एक थेंब सोडा, आणि परत लावताना साधे लोखंडी स्क्रू फेकून स्टेनलेसचे लावा, किनाऱ्यावर राहणार असाल तर ३१६ ग्रेड, आत फिरणार असाल तर ३०४ पुरे. लोखंडी स्क्रू गंजतो ते तर आहेच, शिवाय लाकडातल्या टॅनिनशी (लाकडातल्या तुरट द्रव्याशी) मिळून निळा-काळा डाग पाडतो तो पॉलिशखालून पसरत जातो.

पाठीचं पण तसंच. दाराला फक्त बाहेरून सनमायका आणि आतून उघडी प्लाय असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळा ओलावा घेतात आणि दार धनुष्यासारखं वाकतं. आतूनही पातळ लायनर लॅमिनेट लावून घ्या, निदान पीयूचे तेवढेच थर द्या.

सिंकच्या भोवती सिलिकॉन भरताना न्यूट्रल क्युअर, बुरशीरोधक घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते ॲसिटिक प्रकारचं, त्याने आजूबाजूचा धातू गंजतो.

आणि हे अगदी महत्त्वाचं, सील करण्याच्या भरात गॅस सिलिंडरच्या कप्प्याचं तळातलं भोक बंद करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खालून बाहेर जायलाच हवा.

हवा खेळती ठेवणं

कपाटाची पाठ आणि गाडीचा पत्रा यांच्यात बोटभर तरी मोकळी जागा पाहिजे. नवीन बनवत असाल तर सुताराकडून आधीच ठेवून घ्या. बनलेलं असेल तर पाठीच्या फळीला वर आणि खाली दोन-दोन भोकं पाडून, कडा सील करून, जाळी बसवा, हवा खालून शिरते वरून निघते. वरच्या कपाटांच्या दारांना वेताची जाळी लावली तर वजनही कमी होतं. शेगडी पेटवली की छताचा फॅन चालू आणि समोरची खिडकी दोन बोटं उघडी, स्वयंपाक संपल्यावर अजून पंधरा-वीस मिनिटं तसंच. कप्प्यात घसरू नये म्हणून टाकतात त्या सलग रबरी मॅट खाली ओल धरतात, भोकांच्या जाळीवाल्या घ्या. भांडी पुसून मगच आत. सुकी मासळी हवाबंद डब्यात, नाहीतर तो वास लाकडात मुरतो आणि मग महिनोन् महिने जात नाही.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर

मे संपायच्या आत, पहिला पाऊस यायच्या आधी, सगळं सामान काढून गोड्या पाण्याने एकदा पूर्ण पुसून घ्या, मीठ आत घेऊन पावसाळ्यात शिरायचं नाही. दारं उघडी बांधून ठेवा, ड्रॉवर बाहेर ओढलेले, गाद्या उभ्या. कॅल्शियम क्लोराईडचे ओलावा शोषणारे डबे ठेवा, पण ते भरतात आणि त्यातलं पाणी खारट असतं, सांडलं तर लाकडाचं नुकसानच, म्हणून प्लास्टिकच्या टबमध्ये ठेवायचे आणि दर आठवड्याला बघायचे. कापराने झुरळं-किडे थोडे लांब राहतात, ओलावा कमी होत नाही, त्यावर विसंबू नका. घराजवळ वीज मिळत असेल तर छोटा डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं मशीन) आणि एक हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा) ठेवा, आकडा ६५ टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. धो धो पाऊस चालू असताना खिडक्या उघडून काही वाळत नाही, बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा बंद करून मशीन चालवा. उघडीप पडली की मात्र तासभर का होईना सगळं उघडा, फॅन लावा. आंबा-फणसाखाली गाडी लावू नका, पाऊस थांबला तरी झाड ठिबकत राहतं, पानं छताच्या खाचांत अडकून पाणी तुंबतं आणि तेच पुढे कपाटाच्या पाठीला पोचतं.

अधूनमधून टॉर्च घेऊन सिंकखाली आणि मागच्या कोपऱ्यात नखाने कड दाबून बघा, नख रुतलं किंवा पापुद्रा हलला तर तेवढीच जागा वाळवून, ढिला भाग काढून, हवा कोरडी झाली की परत सील करायची, पूर्ण कपाट उतरवायची गरज पडत नाही.